एकावर एक दोन मॉनिटर : स्टँड कसा निवडावा?

(उरला, रायपूर येथे रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



उरल्याला यायचे म्हटले की आम्हाला परगावी आल्यासारखे वाटत नाही. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्याच्याही आधी, १८८२ साली, नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेज गाडी आली. पुढे बंगाल नागपूर रेल्वेने ती ब्रॉडगेज करून पूर्वेकडे नेली. त्या रुळांबरोबर आपली माणसे इकडे आली आणि इथलीच झाली. आज या सभेत वॅगन रिपेअर शॉपचे लोक आहेत, उरकुऱ्याकडचे आहेत, टपाल काउंटरवरच्या भगिनी आहेत. सगळ्यांना मराठीत बोलायला मिळाले, याचा आनंद वाटतो.

आजचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. महागाई भत्ता, रिक्त जागा, जुनी पेन्शन हे सगळे सोडून युनियनवाले मॉनिटरच्या स्टँडवर बोलणार? हो, बोलणार. कारण एका स्टँडपायी आमच्या एका सहकाऱ्याला मेमो मिळाला आणि त्याच्या पगारातून वसुली होता होता राहिली.

ऑफिसचे नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. काउंटर अरुंद होता. प्रिंटर, वजनकाटा आणि रजिस्टरे मांडल्यावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी मावत नव्हते. दुसरा मॉनिटर मिळावा ही मागणी आमचीच होती. मॉनिटर आला आणि त्याबरोबर एकावर एक लावायचा स्वस्तातला स्टँडही आला. टेबल भुशाच्या बोर्डाचे होते. पावसाळ्यात कडेचा बोर्ड फुगला आणि क्लॅम्पखाली दबत गेला. एका रात्रपाळीत वरचा मॉनिटर खांबासकट पुढे झुकला आणि जमिनीवर आला. समोर बसलेला माणूस पाणी प्यायला उठला होता म्हणून वाचला. सकाळी त्याला विचारणा झाली ती अशी : सरकारी मालमत्तेचे नुकसान झाले, याला जबाबदार कोण?

आपल्यापैकी रेल्वेवाल्यांना एसएफ ११ म्हणजे काय ते सांगायला नको. टपालवाल्यांना नियम १६ माहीत आहे. निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान पगारातून वसूल करणे ही दोन्हीकडे किरकोळ शिक्षा समजली जाते. ज्याच्या पगारातून ती कापली जाते त्याला ती किरकोळ वाटत नाही. आम्ही त्या टेबलाची कड मोजली, फोटो काढले, दबलेला बोर्ड दाखवला आणि लेखी उत्तर दिले. वसुली टळली. पण त्याच टेबलाला तोच स्टँड पुन्हा लावलेला होता. तो उतरवून घ्यायला आम्हाला आणखी एक निवेदन द्यावे लागले.

तेव्हा आमच्या लक्षात आले की चूक आमचीही होती. आम्ही मॉनिटर मागितला, तो कशावर उभा राहणार हे विचारले नाही. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे बोलणे.

पहिला प्रश्न असा की मॉनिटर एकावर एक लावायची खरोखर गरज आहे का? चोवीस इंची मॉनिटर साधारण ५५ सेंटिमीटर रुंद असतो. दोन शेजारी ठेवले तर ११० सेंटिमीटर जागा लागते. तेवढी मोकळी जागा असेल तर शेजारीच ठेवा. मान डावीउजवीकडे वळवणे सोपे, सारखी वर करून धरणे कठीण. जागा नसेल तरच एकावर एक लावा.

आता उंचीचा हिशेब करू. टेबल जमिनीपासून ७५ सेंटिमीटर धरा. खुर्चीत बसलेल्या मध्यम उंचीच्या माणसाचे डोळे टेबलाच्या वर ४० ते ४५ सेंटिमीटरवर येतात. खालच्या मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी. मॉनिटरची उंची सुमारे ३२ सेंटिमीटर, म्हणजे त्याचा तळ टेबलापासून ८-१० सेंटिमीटरवर बसला की हिशेब जुळतो. त्यावर दुसरा लावला की त्याचा मध्य ५८-६० सेंटिमीटरवर जातो आणि वरची कड ७५ च्या आसपास. म्हणून वरचा मॉनिटर खाली बघणारा, पुढे कललेला असावा, आणि दिवसभराचे मुख्य काम खालच्यावरच असावे. मालधक्क्यावर आरआर बनवायची तर ती खाली. गाड्यांची स्थिती अधूनमधून पाहायची तर ती वर. टपालात २०२५ साली नवी संगणक प्रणाली आली. तिचा काउंटरचा व्यवहार खाली ठेवा, परिपत्रक किंवा दरपत्रक वर.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बायफोकल चष्म्यात जवळचे पाहायची काच खालच्या भागात असते. वरच्या मॉनिटरवरचे वाचायला माणूस हनुवटी वर करतो आणि मान मागे टाकतो. आठ तासांच्या ड्युटीत हे शंभर वेळा झाले की संध्याकाळी मान आणि खांदे बोलू लागतात. अशांनी खालचा मॉनिटर आणखी थोडा खाली घ्यावा, वरचा फक्त नजर टाकण्यापुरता वापरावा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्याचे अंतर सांगून त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. अंतर साधारण हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर असते.

आता स्टँडकडे वळू. बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. एकात गॅस स्प्रिंगचे हात असतात, बोटाने वरखाली होतात, दिसायला देखणे. दुसऱ्यात सरळ पोलादी खांब असतो आणि त्यावर कॉलर सरकवून स्क्रूने आवळायची असते. एकावर एक लावण्यासाठी आमची पसंती सरळ खांबाला आहे. गॅस स्प्रिंगचे बहुतेक जोडहात शेजारी शेजारी लावण्यासाठी केलेले असतात, वरच्या मॉनिटरला लागणारी उंची त्यांना गाठता येत नाही. शिवाय त्यांना वजनाची खालची मर्यादाही असते. मॉनिटर फार हलका असला तर हात आपोआप वर उडतो. आपल्याला रोज उंची बदलायची नाही, एकदा नीट लावून वर्षानुवर्षे वापरायचे आहे. खांबाची उंची निदान ७० सेंटिमीटर हवी, ८० मिळाली तर उत्तम. पुष्कळ खांब पेटीत मावावेत म्हणून दोन तुकड्यांत येतात आणि मध्ये आट्यांनी जोडतात. तो जोड ढिला असेल तर वरचा मॉनिटर डुलत राहतो. शक्य तर एकसंध खांब घ्या.

वजनाचे म्हणाल तर चोवीस इंची मॉनिटर, त्याचा मूळ पाय काढल्यावर, तीन ते साडेतीन किलो भरतो. सत्तावीस इंची चार-पाच किलो. पेटीवर प्रत्येक हाताला किती किलो चालतात ते लिहिलेले असते. आपल्या वजनाच्या दीडपट तरी आकडा असावा. पण नुसत्या किलोवर जाऊ नका. फाटकाचा दांडा तुम्ही पाहिलेला आहे. त्याच्या मागच्या टोकाला वजन का बांधतात? लांब दांड्याच्या टोकाचा भार अनेक पटींनी वाढतो म्हणून. टपालाची थैली छातीशी धरली तर जड वाटत नाही, हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. स्टँडचेही तसेच. चार किलोचा मॉनिटर खांबापासून १० सेंटिमीटर पुढे असेल तर जो ताण पडतो, त्याच्या तिप्पट ताण तोच मॉनिटर ३० सेंटिमीटर पुढे ओढल्यावर पडतो. आणि तो सगळा ताण टेबलाची कड सोसते. म्हणून हात आखूड असलेला स्टँड घ्या आणि मॉनिटर खांबाच्या जवळ ठेवा.

मॉनिटरच्या पाठीवरची भोकेही पाहून घ्या. व्हेसा नावाच्या प्रमाणाप्रमाणे ती चौकोनात असतात, ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर, आणि त्यांना एम ४ मापाचे स्क्रू लागतात. काही मॉनिटरना भोकेच नसतात. ते स्टँडसाठी मागवूच नका. स्क्रू गरजेपेक्षा लांब असला तर आतल्या भागाला इजा होते. हाताने बसतो तेवढाच बसवा, जोर करू नका.

मॉनिटर पडला तर तो बहुधा टेबलामुळे पडतो, म्हणून टेबलावर थोडे जास्त बोलतो. आपली सरकारी स्टीलची टेबले तुम्हाला माहीत आहेत. पत्र्याची कड खाली वळवलेली असते, त्यामुळे क्लॅम्पचा खालचा जबडा नीट टेकत नाही, आणि पत्रा वाकतो. तिथे आतून लाकडी फळीची पॅकिंग द्यावी. भुशाच्या बोर्डावर क्लॅम्पच्या वर आणि खाली पोलादी पट्टी हवी, म्हणजे भार एका बिंदूवर न येता पसरतो. ओल आलेल्या, फुगलेल्या बोर्डाला हात लावू नका. काचेच्या टेबलावर क्लॅम्प कधीही लावायचा नाही. ग्रॅनाइटच्या काउंटरची कड ठिसूळ असते. तिथे गवंड्याकडून भोक पाडून आरपार बोल्ट टाकणे बरे, किंवा मागे पक्की भिंत असेल तर भिंतीचा ब्रॅकेट. नुसता टेबलावर उभा राहणारा जड पायाचा स्टँड शेवटचा पर्याय समजा, कारण कोणी रेलले की तो कलतो. टेबलामागे क्लॅम्पला सहा-आठ सेंटिमीटर मोकळी जागा आहे का, खाली आडवी पट्टी मध्ये येते का, हेही आधी मोजा.

उरल्याची आणखी दोन दुखणी आहेत. एक धूळ. उरला आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ टेबलावर कशी साचते ते तुम्हीच रोज पुसता. ती कॉलरमध्ये आणि सांध्यांत जाते. कोरड्या फडक्याने पुसा, पण आवळून धरणाऱ्या सांध्यांना तेल लावू नका. तेल लागले की पकड सुटते. दुसरे दुखणे कंपन. लाइनलगतच्या ऑफिसात मालगाडी गेली की टेबल थरथरते आणि स्क्रू हळूहळू सैल होतात. स्प्रिंग वॉशर घाला आणि दर पगाराच्या दिवशी किल्ली फिरवून पाहा. परीक्षा सोपी आहे. वरच्या मॉनिटरचा कोपरा बोटाने थोडा ओढून सोडा. एक-दोन झोके घेऊन थांबला तर ठीक. डुलतच राहिला तर स्टँड किंवा टेबल, दोन्हीपैकी एक बदलायला हवे.

लावताना दोघे जण हवेत. वीज बंद, मॉनिटर मऊ कापडावर पालथा, आधी पाठीला पट्टी बसवा, मग खालचा टांगा आणि त्यानंतर वरचा. एकाने धरायचे, दुसऱ्याने आवळायचे. वरच्या मॉनिटरला दीड मीटरची वायर बहुधा अपुरी पडते, दोन-तीन मीटरची मागा. ताणलेली वायर स्टँडला सतत ओढत राहते.

आता युनियनचे काम. सरकारी खरेदी आज बहुतांशी जेम पोर्टलवरून होते. ते २०१६ साली सुरू झाले. तिथे मागणीपत्रात जे लिहिले असेल त्यात जो सर्वांत स्वस्त, त्याचा माल सहसा येतो. मागणीपत्रात नुसते ‘दोन मॉनिटरचा स्टँड’ असे लिहिले तर पडणाराच स्टँड येणार. म्हणून आपल्या शाखेने लेखी कळवावे : उभी मांडणी, पोलादी खांब किमान ७० सेंटिमीटर, प्रत्येक हाताची क्षमता मॉनिटरच्या वजनाच्या दीडपट, ७५ व १०० मिलिमीटरची पट्टी, क्लॅम्प आणि आरपार बोल्ट दोन्हींची सोय, पोलादी आधारपट्टी सोबत, आणि बसवून देणे पुरवठादाराकडे. त्याच पत्रात टेबलाचा प्रकार आणि कडेची जाडी लिहा. हे सात मुद्दे लिहायला अर्धा तास लागतो.

आणि शेवटचे. टेबल कमकुवत दिसले, स्टँड डुलताना दिसला, तर त्याच दिवशी दोन ओळी लिहून द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले चौकशीच्या वेळी कोणालाच आठवत नाही. आमच्या त्या सहकाऱ्याने दोनदा सांगितले होते, पण कागद नव्हता. आम्हाला टेबलाच्या दबलेल्या कडेलाच साक्षीला उभे करावे लागले.

आमच्या पिशवीत एक मोजपट्टी आहे. चहानंतर ज्यांना आपल्या ऑफिसचे मागणीपत्र तयार करायचे असेल त्यांनी थांबावे, आपण इथेच बसून लिहू. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.