स्वागताध्यक्षीय भाषण : धुळे



पांझरा नदीच्या काठी आपलं मनःपूर्वक स्वागत! 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खानदेशचं मुख्य ठाणं केलं आणि नवी पेठ आखली. आमच्या जुन्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत; पत्ता विचारलात तर धुळेकर आकडा सांगेल, गोंधळू नका.

इथं येऊन राजवाडे संशोधन मंडळ न पाहता कुणी परत जाऊ नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं उपसून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढून छापली. 31 डिसेंबर 1926 रोजी त्यांनी देह ठेवला तो याच गावात. मंडळ दाखवायला आमचे कार्यकर्ते रिक्षा घेऊन उभे आहेत. याच गावच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली... कार्यवाहांची चिठ्ठी आली, परिषदेच्या विषयाकडे, शाश्वत विकासाकडे, वळतो.

शाश्वत विकासाची व्याख्या ब्रुंटलँड आयोगाने 1987 मध्ये केली. आमच्या साक्री तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पांझरा-कान नद्यांवर बंधारे घालून फड पद्धत चालवली. लाभक्षेत्राचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे, एका फडात एकच पीक, दरवर्षी पिकांची फिरवाफिरव. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर झळ सर्वांनाच. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, पाटातला गाळ काढायला सारा गाव. पाटकऱ्याचा पुतळा कुठल्याच चौकात नाही. माझ्या हाती असतं तर ब्रिग्जच्या आधी त्याचा उभारला असता. पुढच्या हजार वर्षांचा विचार आपण जरूर करावा, पण टंचाईत कुणाचा फड कोरडा ठेवायचा, हे आधी ठरवावं. तो निर्णय बंधाऱ्याजवळच्या बागायतदाराने एकट्याने घ्यायचा नसतो, एवढं आमच्या लोकांना कळलं होतं.

आता क्षमायाचना. उकाडा आमच्या हातात नाही. पंखे होते, पण मुक्कामाच्या दोन वर्गांत कमी पडले. गाद्या उशिरा आल्या. काही प्रतिनिधींची नावं बिल्ल्यांवर चुकली, ती दुपारपर्यंत बदलून मिळतील. व्यापारी बांधवांनी सढळ हाताने देणग्या दिल्या, शेतकऱ्यांनी धान्य आणि भाजी पाठवली, महाविद्यालयाने वर्ग रिकामे करून दिले. भगिनी मंडळाने पहाटेपासून कळण्याच्या भाकरी थापल्या आहेत. ज्यांनी नाव घेऊ नका असं बजावलं, त्या दात्यांचे दुप्पट आभार. भरीत तिखट आहे; सोसवेल तेवढंच घ्या.

अध्यक्ष महोदयांनी परिषदेचं कामकाज सुरू करावं, अशी विनंती करतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!