लम्पीच्या आजारी जनावरासाठी औषध हवे





२०२२ च्या साथीत गुरांचा लम्पी आजार महाराष्ट्रात पहिल्यांदा आमच्या जळगाव जिल्ह्यात दिसला. बैलांच्या अंगावर गाठी उठल्या, गाई आटल्या, गुरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीची लस निरोगी जनावरांच्या उपयोगी पडली. आजारी जनावराला मात्र ताप उतरवणे आणि जखमा धुणे, एवढेच करता आले. खुद्द विषाणूला रोखणारे औषध कोणाच्याच हाती नव्हते.

माणसांतही हीच उणीव आहे. लम्पीच्या विषाणूप्रमाणेच देवीच्या कुळातील विषाणूमुळे होणाऱ्या एमपॉक्सवर टेकोव्हिरिमॅट हे औषध देऊन पाहिले. पण २०२४ मध्ये जाहीर झालेल्या काँगोतील चाचणीत त्याने फोड लवकर बरे झाले नाहीत.

म्हणून या परिषदेने जनुके थोपवणाऱ्या आरएनएचा विषय घेतला, याचा मला आनंद आहे. शास्त्रज्ञ फायर आणि मेलो यांनी १९९८ मध्ये ही यंत्रणा उलगडली आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जेमतेम एकवीस अक्षरांचा दुहेरी आरएनए विषाणूचा नेमका संदेश हेरतो आणि पेशीतील प्रथिने तो संदेश कापून टाकतात. देवीच्या कुळातील विषाणू डीएनएचे असूनही पेशीकेंद्रकाबाहेर, पेशीद्रवात वाढतात. ही कात्रीही तिथेच चालते. याच कुळातील व्हॅक्सिनिया आणि मंकीपॉक्स (एमपॉक्सचा विषाणू) यांची वाढ अशा आरएनएने रोखता येते, हे प्रयोगशाळेतील पेशींत दिसले आहे.

पुढची वाट अवघड आहे. व्हॅक्सिनियाचे ई३ प्रथिन दुहेरी आरएनए झाकून टाकते. एकाच जनुकावर नेम धरला तर विषाणू बदलून निसटू शकतो. म्हणून सहसा न बदलणारी दोन-तीन जनुके एकदम धरावी लागतील. आणि आरएनए पोचवायचा कसा? २०१८ मध्ये मान्यता मिळालेले पॅटिसिरान हे अशाच आरएनएचे औषध मेदकणांतून यकृतात पोचते. लम्पीचे घाव मात्र त्वचेत आणि फुफ्फुसांतही असतात.

संशोधक मित्रहो, माझी आपल्याला एकच विनंती आहे. मात्रा ठरवताना चारशे किलोची गाय डोळ्यांसमोर ठेवा आणि किंमत ठरवताना दोन गाईंवर घर चालवणाऱ्याची ऐपत. त्याला परवडेल असेच औषध घडवा. या कामी लागेल ते सहकार्य द्यायला आम्ही जळगावकर तयार आहोत.