प्रयोग बांधावर, सवलत कागदावर



संशोधनावर खर्च करणाऱ्या उद्योगांना प्राप्तिकरात सवलत, अशी बातमी आपण अर्थसंकल्पाच्या दिवसांत ऐकतो. रावेरात लोकांची हिशेबाची कामे करताना मला प्रश्न पडतो, की यातले आपल्या तालुक्यात पोहोचते किती?

अमेरिकेत १९८१ पासून केंद्र सरकार आणि पुढे अनेक राज्येही अशा खर्चाचा काही हिस्सा थेट करातून वळता करू देतात. आपल्याकडे वजावट करातून नव्हे, उत्पन्नातून मिळते. राज्य सरकारला तर राज्यघटनेने फक्त शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लावण्याचा अधिकार दिला आहे आणि आपल्या केळीवाल्याकडे तो कोणी मागत नाही. म्हणजे सवलत द्यायची ती दिल्लीनेच.

दिल्लीने एके काळी हात चांगला सैल सोडला होता. मान्यताप्राप्त संशोधन विभाग असलेल्या ठरावीक उद्योगांतल्या कंपन्यांना १९९७ साली शंभर रुपये खर्चावर सव्वाशेची वजावट मिळू लागली. २००० साली ती दीडशे झाली, २०१० साली दोनशे. तीस टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीने लाख रुपये खर्चले, तर साठ हजारांचा कर वाचे. खिशातून जात चाळीसच हजार. २०१७ च्या एप्रिलपासून वजावट पुन्हा दीडशेवर आली आणि २०२० च्या एप्रिलपासून शंभरावर. त्याच दराने आता लाखामागे तीस हजार वाचतात.

यातली अट मात्र ऐकण्यासारखी होती: ही जादा वजावट फक्त ‘कंपनी’ला. एकट्याच्या मालकीचा कारखाना, भागीदारी, सहकारी संस्था, सगळे बाहेर. आपल्याकडचे बहुतेक धंदे नेमके याच जातीचे!

माझ्याकडे केळीचे वेफर्स करणारे एक गृहस्थ येतात. वेफर कमी तेल प्यावा म्हणून त्यांनी वर्षभर खटपट केली. तेल गेले, केळी गेली, प्रयोगशाळेची फी गेली. वहीत हे सारे ‘किरकोळ खर्च’ म्हणून पडलेले. वास्तविक धंद्याशी संबंधित संशोधनाचा खर्च पूर्ण वजा होतो. त्याला कंपनी असावे लागत नाही. एरवी यंत्रावर वर्षाला साधारण पंधरा टक्के घसारा मिळतो, पण संशोधनासाठी घेतलेल्या यंत्राची सगळी किंमत त्याच वर्षी वजा करता येते. जमिनीची तेवढी नाही. पण त्यासाठी वेगळी वही हवी, पावत्या हव्यात. आणि उलाढालीच्या सहा किंवा आठ टक्के नफा धरून कर भरण्याची सोपी वाट ज्याने घेतली, त्याचे सगळे खर्च त्यातच आले असे कायदा मानतो. मग संशोधनाचे वेगळे काही उरत नाही.

आता शेतकरी. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावलच्या बागांवर हरण्या रोग आला, म्हणजे काकडीवर्गीय पिकांतूनही येणारा आणि मावा किडीने पसरणारा विषाणू. लावलेली रोपे उपटून फेकावी लागली. तेव्हापासून कोणी बांधावरचे वेलवर्गीय तण काढून पाहतो, कोणी मावा आवरण्यासाठी फवारणीचे वेळापत्रक बदलतो, कोणी लागवडीची तारीख पुढे-मागे करतो. माझ्या मते हे संशोधनच आहे, आणि स्वतःच्या पैशाने केलेले. पण शेतीचे उत्पन्न करमुक्त. जिथे करच नाही, तिथे सवलत कशातून कापणार? कर भरणाऱ्या कंपनीचा प्रयोग फसला, तरी तो खर्च तिच्या उत्पन्नातून वजा होतो. शेतकऱ्याची फसलेली ओळ पूर्णपणे त्याच्याच अंगावर पडते.

शेतीवर कर लावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. मात्र रावेरपुरते बोलायचे तर करातली सूट हे चुकीचे हत्यार आहे. इथे रोख अनुदानच हवे. जळगावच्या केळी संशोधन केंद्राने दहा-वीस गुंठ्यांचे प्रयोग शेतकऱ्यांकडे सोपवावेत, नोंदी ठेवून घ्याव्यात आणि ओळ फसली तर तिच्या रोपांचे, खताचे व मजुरीचे पैसे सरकारने भरून द्यावेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)