फौजेतून आलेली पत्रे
(जीर्णोद्धार समारंभात झालेले भाषण)



देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या या सटाणे नगरीत मंदिराचे काम तडीस गेले, याचा आपणां सर्वांस आनंद आहे. जीर्णोद्धार करताना आपण जुना कोरीव दगड टाकून देत नाही, साफ करून पुन्हा बसवतो. तशीच एक ठेव काही घरांच्या पेट्यांत पडून असेल. ती म्हणजे परमुलखी लढायला गेलेल्या माणसांची पत्रे.

पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या काळात, मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या. पुष्कळ शिपायांना अक्षरओळख नव्हती. पलटणीतला लिहिणारा त्यांचे बोलणे कागदावर उतरवी. गावी मास्तर किंवा पोस्टमन ते वाचून दाखवी. पत्र तीर्थरूपांच्या नावे असायचे. चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या मजकुरात बायकोसाठी वेगळा शब्द कुठून यावा? ‘घरात सर्वांस’ यातच तिने आपला वाटा ओळखायचा.

शिवाय सरकारची नजर होतीच. फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे तपासणारी खास कचेरी होती. म्हणून शिपाई हिंदी फौजेला ‘काळी मिरी’ आणि गोऱ्या फौजेला ‘लाल मिरची’ म्हणत व खुणेने लिहीत. त्या कचेरीने केलेले इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. मूळ पत्रे मात्र बहुतेक गेली.

पत्र थांबले म्हणजे घरावर काय येत असेल! ७ डिसेंबर १९१५ रोजी कूट शहराला तुर्कांचा वेढा पडला. आत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणींचे जवान होते. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने फौज शरण गेली आणि हजारो जवान कैदेत गेले. मुलगा जिवंत आहे की नाही, हेच आईबापांना कळेना. दुसऱ्या महायुद्धात मराठा जवान इटलीपर्यंत गेले. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या काळी दारात तार आली, की वाचण्याआधीच घरात रडे उठे.

घरून गेलेली पत्रे खंदकात, चिखलात नाहीशी झाली. म्हणजे संवादाची एक बाजू गेलीच. उरलेली बाजू तरी आपण राखली पाहिजे. काही जुनी पत्रे मोडीत असतील, ती घरात कोणाला वाचता येणार नाहीत. म्हणून रद्दीत घालू नका. मोडीच्या जाणकाराकडून वाचून घ्या, नक्कल करून ठेवा, पाकिटे व शिक्केही जपा. पलटण आणि तारीख त्यावरूनच कळते.

विजयाचे स्तंभ सरकारे उभारतात. शिपायाने बैलांची, पावसाची, बहिणीच्या लग्नाची केलेली चौकशी फक्त त्या कागदावर आहे. ती सांभाळणे आपल्याच हाती आहे.