फुकट ते पौष्टिक?

इचलकरंजीतल्या छोट्या कारखान्यांचे संगणक सांभाळणं हा माझा व्यवसाय. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सुताच्या पेढीवर दहा संगणक होते आणि त्यांवरच्या ऑफिसच्या नऊ प्रती चोरीच्या! परवान्यांचा खर्च ऐकून शेठ म्हणाले, "ते लिबर ऑफिस फुकट आहे ना? फुकट ते पौष्टिक. टाका बसवून!"

रविवारी मी दहाही संगणकांवर ते बसवलं. सोमवारी दुपारपर्यंत सगळे माझ्यावर उखडले. मोठ्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं दरपत्रक तिकडे विस्कटून उघडलं. दिवाणजी म्हणाले, "साहेब, विवरणपत्राच्या तक्त्यातली बटणंच चालत नाहीत." चालणार कशी? त्यामागचे मॅक्रो एक्सेलसाठी लिहिलेले. चूक माझीच. कोण कशावर काय काम करतं, हे मी विचारलंच नव्हतं.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेनं २००३ मध्ये विंडोज सोडायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटले, तरी निर्णय बदलला नाही. सुमारे १५,००० संगणक बदलायला २०१३ उजाडलं आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचं ठरलं. उलट फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलिस दलानं २००५ पासून आधी ऑफिस, मग ब्राउझर आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम बदलली. सवय मोडायला वेळ दिला.

मग हा खटाटोप करायचा कशाला? केवळ पैशासाठी नव्हे. २०१० मध्ये ओरॅकलनं सन कंपनी घेतली, तेव्हा ओपन ऑफिसच्या अनेक कार्यकर्त्यांनी तोच खुला कोड घेऊन लिबर ऑफिस उभं केलं. मालक बदलला, तरी वापरणारा उघड्यावर पडला नाही. धंद्याला ही खात्री मोलाची असते.

पेढीवर मी दुसऱ्यांदा गेलो, तो वही घेऊन. प्रत्येकाशेजारी बसलो. दिवाणजींच्या आणि दरपत्रकांच्या मिळून तीन संगणकांसाठी रीतसर परवाने घेतले, उरलेल्या सातांवर लिबर ऑफिस. बाहेर जाणारा कागद पीडीएफमध्येच. शिकवण्यात महिना गेला, त्याचं बिलही शेठनी भरलं. आज तिथे चोरीची एकही प्रत नाही.

फुकटचं पौष्टिक असेलही. पण ते पचायला वेळ द्यावा लागतो, एवढं मी शिकलो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)