चिंताविकारावरील दूरस्थ उपचार : बंगळुरूचा अनुभव आणि त्यामागील अर्थकारण



बंगळुरूच्या होसूर रस्त्यावरील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजेच 'निम्हान्स', ही मानसोपचाराच्या क्षेत्रातील देशातील अग्रगण्य संस्था होय. जुने मनोरुग्णालय आणि १९५४ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून १९७४ मध्ये ती आकारास आली. व्हाइटफील्ड किंवा सर्जापूर रस्ता ही उपनगरे नकाशावर या संस्थेपासून फार दूर नाहीत. तथापि सायंकाळच्या रहदारीत हे अंतर कापण्यास दीड तास सहज लागतो. चिंताविकाराने ग्रासलेल्या, पण नियमितपणे कामावर जाणाऱ्या संगणक अभियंत्याला पाऊण तासाच्या समुपदेशनासाठी जवळजवळ निम्मा दिवस खर्ची घालावा लागतो. रजेचे कारण सांगावे लागते, ते वेगळेच.

गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये मांडलेला वेळेच्या वाटपाचा सिद्धांत येथे उपयोगी पडतो. कोणत्याही सेवेची पूर्ण किंमत म्हणजे तिचे शुल्क अधिक तिच्यासाठी खर्च होणाऱ्या वेळेचे मोल. मानसोपचाराच्या बाबतीत यात आणखी एक घटक मिळवावा लागेल. तो म्हणजे लोकलज्जा. ऑनलाइन उपचारामुळे शुल्क फारसे घटत नाही. घटतात ते उरलेले दोन घटक. ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्या वेळेचे मोलही अधिक. त्यामुळे या सेवेची मागणी प्रथम महानगरांच्या उपनगरांतील उच्चशिक्षित, यशस्वी समजल्या जाणाऱ्या वर्गातून यावी, यात आश्चर्य नाही.

या वर्गाचा विकार सहसा दृष्टीस पडत नाही. काम वेळेवर होते, बढती मिळते, घराचा हप्ता भरला जातो. झोप उडणे, छातीत धडधड होणे, एकच निर्णय पुनःपुन्हा तपासत बसणे या गोष्टी 'कामाचा ताण' या सदरात टाकल्या जातात. किंबहुना अतिदक्षता हा विकाराचा भाग आहे, हेच पुष्कळदा लक्षात येत नाही, कारण त्याच अतिदक्षतेचे कार्यालयात कौतुक होत असते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांना हे वर्णन अपरिचित वाटू नये.

याचे आर्थिक मोजमाप अवघड असले तरी अशक्य नाही. नैराश्य व चिंता या दोन विकारांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात आणि सुमारे १ लाख कोटी डॉलरची उत्पादकता बुडते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारताच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही दिवसातील बारा किंवा अधिक तास मेजासमोर बसून काम करणाऱ्यांच्या खालावलेल्या मानसिक स्वास्थ्याची दखल घेतली. आठवड्याला सत्तर तास काम करावे काय, या विषयावर २०२३ पासून देशात जो वाद रंगला, त्यात हा खर्च मात्र क्वचितच हिशेबात धरला गेला.

भारतातील प्रमाणाविषयीची मुख्य आकडेवारी २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून मिळते. निम्हान्सने केलेल्या या सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि महानगरांतील प्रमाण ग्रामीण भागाच्या सुमारे दुप्पट होते. विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यात कर्नाटक नव्हते आणि महाराष्ट्रही नव्हता. तेव्हा बंगळुरू किंवा पुण्याविषयी बोलताना हे आकडे दिशादर्शक म्हणूनच वापरावेत.

पुरवठ्याची बाजू तर फारच दुबळी आहे. एक लाख लोकसंख्येमागे देशात केवळ ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत, ही बाब संसदीय स्थायी समितीच्या २०२३ च्या अहवालात नमूद आहे.

दूरस्थ उपचार परिणामकारक ठरतो काय, हा स्वाभाविक प्रश्न आहे. चिंताविकारावर बोधात्मक वर्तनोपचार ही सर्वाधिक अभ्यासलेली पद्धती. विचारांच्या चुकीच्या सवयी ओळखून भीती वाटणाऱ्या प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्यास ती शिकवते. टप्प्यांत विभागता येत असल्याने ती इंटरनेटवरून देणे सोपे जाते. स्वीडन व ऑस्ट्रेलियातील दीर्घ अनुभव सांगतो की, जेथे प्रशिक्षित व्यक्ती रुग्णाच्या संपर्कात राहते, तेथे चांगले परिणाम दिसतात. केवळ यंत्रावर सोपवलेला कार्यक्रम मात्र अनेक जण मध्येच सोडून देतात. म्हणजे तंत्रज्ञानाने प्रवास वाचतो, माणूस वाचत नाही.

इंग्लंडचे उदाहरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावे. रिचर्ड लेयार्ड या अर्थतज्ज्ञाने मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांच्या साह्याने असे प्रतिपादन केले की, नैराश्य व चिंतेवरील उपचारांचा खर्च सरकारला कमी झालेल्या भत्त्यांतून आणि वाढलेल्या करांतून परत मिळतो. त्यातून २००८ मध्ये तेथे सार्वजनिक उपचारसेवा सुरू झाली. भारतात बेकारभत्त्याची तशी व्यवस्था नसल्याने हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे लाभ बव्हंशी कुटुंबाला आणि मालकाला होतो, आणि म्हणूनच खर्च कोणी सोसावा हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा बनतो.

मालकाने सोसावा, हे उत्तर बंगळुरूतील अनेक माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी स्वीकारलेले दिसते. कर्मचाऱ्यांसाठी त्या समुपदेशनाची सोय करतात. परंतु आपण काय बोललो हे वरिष्ठांच्या कानी जाईल, या शंकेने कर्मचारी संकोचतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. तोवर हा संकोच निराधार म्हणता येणार नाही.

विम्याचे काय? मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा मे २०१८ मध्ये अमलात आला. मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा, असे त्याच्या कलम २१ मध्ये सांगितले आहे. पण आपल्याकडील बहुतेक आरोग्यविमा रुग्णालयात दाखल होण्यावर आधारलेला. चिंताविकाराचा रुग्ण सहसा दाखल होत नाही. त्याला हवे असते काही महिन्यांचे साप्ताहिक समुपदेशन. कायद्याने दिलेली समानता अशा रीतीने व्यवहारात हातून निसटते.

गुणवत्तेचा प्रश्न याहून नाजूक आहे. उपचार घेणाऱ्याला उपचारकाची पात्रता पारखता येत नाही, या माहितीच्या विषमतेकडे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच लक्ष वेधले होते. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांमुळे डॉक्टरांच्या ऑनलाइन सल्ल्यास चौकट मिळाली. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. परंतु 'समुपदेशक' ही पाटी लावणाऱ्यांवर दीर्घकाळ कोणाचाच अंकुश नव्हता. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने त्यांना कक्षेत घेतले आहे. मात्र रुग्णाला नावनिशी पडताळता येईल अशी नोंदवही हाती आल्याखेरीज त्याचा खरा उपयोग नाही.

या पार्श्वभूमीवर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली मानस' सेवेचे महत्त्व ध्यानात येते. निम्हान्स ही तिची मध्यवर्ती संस्था असून तंत्रज्ञानाचे साह्य बंगळुरूच्याच आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने दिले. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क, मराठीसह अनेक भाषांत बोलता येते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरजेनुसार दूरध्वनी तज्ज्ञांकडे वळवला जातो. २०२५ च्या मध्यापर्यंत २० लाखांहून अधिक दूरध्वनी येथे आले. उदास मनःस्थिती, झोपेच्या तक्रारी, ताण व चिंता हीच कारणे त्यांत ठळक आहेत.

याच कार्यक्रमासाठी केंद्रीय अर्थसंकल्पात २०२३-२४ साली सुमारे १३४ कोटी, २०२४-२५ साली ९० कोटी आणि २०२५-२६ साली सुमारे ८० कोटी रुपये ठेवण्यात आले. सुरुवातीचा यंत्रणा उभारण्याचा खर्च एकदाच होतो, हे या घटीचे एक कारण असू शकेल. परंतु समुपदेशकाचे वेतन हा दरमहाचा खर्च आहे. दूरध्वनी वाढले की माणसे वाढवावी लागतात, आणि ती उपलब्ध नसतील तर सर्जापूर रस्त्यावरील अभियंता शुल्क भरून खाजगी सेवेकडे वळेल. कोलारच्या शिक्षिकेला अथवा सोलापूरच्या कारकुनाला तो मार्ग मोकळा नाही.