मामांचा हयातीचा दाखला
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



बेळगावकरांना फौजी म्हणजे काय, हे सांगायला नको. १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं आहे. कॅम्पात पहाटे धावणारी रिक्रूट पोरं बघतच आम्ही मोठे झालो. पण फौजेतून परत आलेला माणूस पुढं कसा जगतो, हे आम्ही कधी बघितलं?

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. डिसेंबर १९७१ मध्ये ते जमालपूरच्या लढाईत होते. सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशीतच पेन्शनीवर आले. जवानाची निवृत्ती अशी लवकर येते, तेव्हा मुलं अजून शाळेत असतात. मामांनी रात्री वॉचमनकी केली, दिवसा शेत केलं.

पूर्वी बँकेत साहेबासमोर उभं राहिलं की हयातीचा दाखला होई. आता सगळं संगणकावर आलं. 'स्पर्श'मधून पेन्शन थेट खात्यात जमा होते, ते चांगलंच आहे. पण कुदळीनं झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही. ओटीपी जातो पुण्यातल्या मुलाच्या मोबाईलवर, आणि तो असतो ड्यूटीवर!

गेल्या वर्षी मामा कागदांची पिशवी घेऊन आमच्या टेबलापुढं आले. आम्ही सरकारी नोकर. मान वर न करताच म्हणालो, "हे आमच्याकडं येत नाही, दुसरीकडं विचारा."

"बरं साहेब," म्हणून मामा वळले. तेव्हा आवाज ओळखला. ज्यांच्या अंगणात आम्ही गोट्या खेळलो, त्यांनी आम्हाला साहेब म्हणावं? त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी घरी गेलो, तेव्हा खरी काळजी कळली. पेन्शनच्या कागदावर मामींचं माहेरचं नाव, आधारकार्डावर सासरचं. मामा म्हणाले, "मी हाय तोवर चालतंय रे. माझ्या माघारी हिला कोण वळखणार?"

फायलींत आयुष्य गेलेल्या आम्हाला हे लगेच उमगलं. नाव जुळलं नाही की विधवेची फॅमिली पेन्शन अडते. दोघं हयात असतानाच दुरुस्ती केलेली बरी. रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार केला, चार खेपा घातल्या, नाव दुरुस्त झालं. दाखल्याचंही जमलं. २०२१ पासून तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही निघतो. फोन समोर धरताच मामा खुर्चीतून उठून सावधानमध्ये उभे राहिले. मामी पदर तोंडाला लावून हसल्या.

दर पंधरा ऑगस्टला आपण मामांना शाल-श्रीफळ देतो. ते जरूर द्यावं. पण यंदा मंडपात सकाळी एक टेबल मांडू. दोन कॉलेजची पोरं, एक स्मार्टफोन आणि कागद वाचणारे आम्ही. माजी सैनिकांनी आणि वीरपत्नींनी पिशवी घेऊन यावं. अर्ज कन्नडमध्ये असला, इंग्रजीत असला, तरी आम्ही समजावून सांगू, भरून देऊ.

या वेळी मान वर करून बोलू, एवढा शब्द देतो.

गणपती बाप्पा मोरया!